चीक एक गंज, पाणी एक गंज

अर्जदार : पेशाने अर्जनवीस, वय सेहेचाळीस, सातवी उत्तीर्ण व आठवीच्या परीक्षेस दोन वेळा बसलेला, राहणार सौंसर. बैठक तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली.

जिच्यासाठी अर्ज : अर्जदाराची सख्खी मोठी बहीण, राहणार पांढुर्णा. उजवे अंग लकव्याने गेलेले, बुद्धी पूर्ण शाबूत.

ज्यांच्याकडून उत्तर हवे : बहिणीच्या गल्लीतील समस्त बाया, व त्यांतही समोरच्या घरच्या काकू.

घटनेचा काळ : चैत्र महिना, पाडव्यानंतर जोडून आलेले सुटीचे दोन दिवस. साल ऐंशीच्या पुढचे आहे. नेमके लिहीत नाही, कारण सालावरून लग्न ओळखू येते आणि लग्नावरून घर.

साक्षीदार : बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, जिचे लग्न होते, आणि स्वतः अर्जदार.

नावे कोणाचीही दिलेली नाहीत. नाव नसलेली दरखास्त बाबू वाचण्यापूर्वीच परत करतो, हे मी लोकांना रोज समजावून सांगतो. परंतु ही दरखास्त कोणत्याही कचेरीत जाणार नाही, आणि जिथे ती पोचायला हवी तिथे नावाशिवायही सर्वांना सर्व कळेल.

आता हकीकत. आरंभी माझी पात्रता मांडणे आवश्यक आहे, कारण पाण्याच्या प्रमाणाविषयी बोलण्याचा अधिकार एका अर्जनवीसाला कोठून आला, असा प्रश्न कोणीही विचारील.

तो अधिकार मला शाईने दिला. पुडीची शाई मी स्वतः कालवतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी अंदाजाने पाणी घालीत असे, आणि माझी एक दरखास्त, मोहगावच्या एका शेतकऱ्याची, साहेबांपुढे जाईपर्यंत इतकी फिकी पडली की साहेबांनी कागद उन्हाकडे धरून विचारले, ही लिहिली आहे की नुसती धुतली आहे. त्या दिवशी मी औषधाची खुणा असलेली बाटली मिळवली, एका पुडीला किती खुणा पाणी ते चार वेळा करून पाहिले, आणि पाचव्या वेळी जो काळा-निळा रंग कागदावर उतरला तो पाहून मी लिंबाखालून उठून उभा राहिलो. जगातील अर्ध्या गोष्टी योग्य तेवढे पाणी न मिळाल्यामुळे बिघडतात आणि उरलेल्या अर्ध्या ते जास्त मिळाल्यामुळे, हा सिद्धांत मला त्या क्षणी सुचला. तो कोणाला ऐकवावा हे समजेना, म्हणून मी वही सुरू केली.

त्या वहीने मला फार आनंद दिला. तिकिटे चिकटविण्याच्या खळीला मैदा किती आणि पाणी किती, हे तिच्यात आहे. भिंतीला देण्याचा चुना विरवताना पाणी हळूहळू कसे सोडावे, तेही आहे. बोरगावच्या रस्त्याला एका संत्र्याच्या बगिच्यात झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुन्याचा लेप लावताना मी दोन तास उभा राहिलो होतो. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र ओतायचे. माळ्याने त्या निळ्या मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बाहेर काढला, तर खिळ्यावर तांब्याचा लाल रंग चढलेला. "चुना कमी पडला," तो म्हणाला, मूठभर चुन्याचे पाणी आणखी घातले, खिळा पुन्हा बुडविला, आणि यावेळी खिळा जसाचा तसा निघाला. मिश्रण स्वतःच उत्तर देते, फक्त त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे. हे मी बगिच्यातच उभ्याने लिहून घेतले.

घरी मात्र माझ्या वहीला मान नव्हता. माझी पत्नी भाताला पाणी बोटाच्या पेराने मोजते. तांदळावर बोट टेकवायचे आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. मी तिला म्हटले, भांडे रुंद असले तर, अरुंद असले तर, हे गणित कसे जमेल. ती म्हणाली, "जमते थे जमते. तुमी आपलं जेवा." मी तीन भांड्यांत करून पाहिले. तिन्हींत जमले. पुढे ती म्हणाली की नवा तांदूळ असला तर ती पेराच्या थोडे खालीच थांबते, कारण नव्या तांदळाच्या पोटात आधीच ओल असते. हे वाक्य मी वहीत उतरविले होते. उतरविले होते, पण समजलो नव्हतो, आणि या हकीकतीचे मूळ तेथेच आहे.

माझी बहीण पांढुर्ण्याला दिलेली. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाईच म्हणतो. भाऊजी कापसाच्या जिनिंगात कामाला. बाईच्या हाताचा चीक त्या गल्लीत प्रसिद्ध होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून, गाळून जो पांढराशुभ्र गाळ हाती येतो तो चीक. तो पाण्यात शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हात कपड्यावर पाडला की कुरडई होते. पाणी कमी पडले तर चीक दाठरतो आणि सोऱ्या फिरत नाही. जास्त झाले तर कुरडईचे तार एकमेकांत मिसळून कपड्यावर नुसते थारोळे उरते. गल्लीत कोणाच्याही घरी चीक शिजायचा असो की लग्नाचा भात रांधायचा असो, बायांपैकी कोणीतरी आधी बाईच्या दारात येऊन विचारीत असे, "काकी, पाणी किती धरू?" आणि बाई उंबरठ्यावरून भांडे पाहूनच सांगत असे.

भाचीचे लग्न ठरले त्याच्या दोन महिने आधी बाईला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ थोडी जड झाली, परंतु बोलणे स्पष्ट होते. खाट आतल्या खोलीत. मुलीबरोबर सासरी कुरडया द्यायच्या ही आमची रीत, आणि बाईचा एकच हेका : कुरडया घरच्याच जातील, माझ्याच मापाच्या जातील. समोरच्या घरच्या काकू म्हणाल्या होत्या की आम्ही करून देतो. बाई त्यांना हो म्हणाली नाही. मला म्हणाली, "हात गेला थो गेला. आता मापही दुसऱ्याचं घेतलं त मी या घरात कायले आहो?"

तेव्हा मला जी कल्पना सुचली तिचा उत्साह मी अजूनही लपवू शकत नाही. हात गेला आहे, माप डोक्यात आहे, आणि डोक्यातले कागदावर उतरविणे हाच तर माझा पेशा. मी बाईची जबानी घ्यायचे ठरविले.

एका रविवारी मी पांढुर्ण्याची बस धरली. पिशवीत कोरे कागद, दोन टाक, शाईची बाटली आणि फूटपट्टी. खाटेजवळ पाट टाकून बसलो. भाची पायथ्याशी उभी.

"बाई, गहू किती?"

"दोन पायल्या."

"भिजवताना पाणी?"

"बुडन इतकं."

"बुडेल इतके म्हणजे किती?"

"अरे बाप्पा, माणूस बुडते थे पाणी वेगळं अन् गहू बुडते थे वेगळं. चार बोटं वर ठेव."

मी लिहिले : गहू पूर्ण बुडून वर चार बोटे पाणी राहील असे करावे.

"तीन दिवस ठेवायचा. रोज पाणी बदलायचं, नाई त वास मारते. चवथ्या दिवशी वाटायचा, पिळायचा, फडक्यातून गाळायचा, अन् झाकून ठेवून द्यायचा. पहाटे चीक हलवून घ्यायचा."

"हलवून कशासाठी?"

"थो बसते न खाली, दगडासारखा. चाटू घालून चांगला मोकळा करायचा. मंग मोजायचा. चीक एक गंज, त पाणी एक गंज."

गंज म्हणजे उभ्या काठाचे आमचे नेहमीचे पातेले. मी विचारले, "म्हणजे समभाग?"

"तू तुह्या भाषेत लिही. मी एक गंज सांगून राहिली."

मी पुढे आधणातले मीठ, चीक ओतताना एकाच दिशेने घोटणे, ओले बोट लावून पाहणे हे सर्व लिहून घेतले. नियमाप्रमाणे जबानी तिला वाचून दाखविली. तिने डोळे मिटून ऐकली आणि बरोबर आहे म्हणाली. उजवा हात उठत नसल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. भाची हसून म्हणाली, "मामाजी, आता कुरडई बिघडली त आईवर केस कराल का?" बाई म्हणाली, "तुह्या मामाले काम पायजे फक्त. कुरडईवरही कचेरी बसवन थो."

मी तो कागद घडी करून भाचीच्या हाती दिला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. शेकडो लोकांच्या तक्रारी लिहिल्या, पण एका माणसाच्या हातातली विद्या मरताना वाचविली असे मला पहिल्यांदा वाटले.

भाचीने कागदाप्रमाणे गहू भिजविले, पाणी बदलले, वाटले. सुटीचे दोन दिवस जोडून आले होते, म्हणून मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो. तिने आणि मी मिळून चीक गाळून दोन गंगाळांत सारखा ओतून झाकून ठेवला. एक पहिल्या दिवसासाठी, एक दुसऱ्या दिवसासाठी. पहाटे, चांगले उजाडण्यापूर्वी, अंगणात चूल पेटली. भाचीने पहिल्या गंगाळावरचे फडके काढले, मी कागद वाचला, आणि तिने चाटू घालून सर्व हलवून एकजीव केले. मग गंजाने मोजले. चार गंज भरले. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "पाणी चार गंज." आधण आले, मीठ पडले, भाची ओतू लागली, मी घोटू लागलो. मी स्वतः घोटत होतो हे नमूद करतो.

घोटले, पुष्कळ घोटले. उजाडले, ऊन भिंतीवर आले, गल्लीतल्या बाया गरम चीक खायला वाट्या घेऊन आल्या. चीक काही दाटेना. चाटूवरून तो आंबिलीसारखा ओघळत होता.

आतून बाईचा आवाज आला. "घट्ट आला का?"

"येऊन राहिला," भाची म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा. "अजून नाई? मंग पाणी जास्त झालं."

येथे मी जे केले ते लिहिताना मला लाज वाटते, तरी लिहितो. बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी भाचीच्या हातून कागद घेतला, वर धरला आणि म्हणालो, "पाणी जास्त होणे शक्य नाही. समभाग आहे. बाईची स्वतःची जबानी आहे, अंगठ्यासकट."

समोरच्या काकूंनी सुस्कारा सोडला. वाईट बाई नाहीत त्या. त्यांनी आवाजही चढविला नाही. एवढेच म्हणाल्या, "लकवा हाताले मारला म्हनत होते. डोक्यालेही लागला वाटते बिचारीच्या." दुसरी म्हणाली, "मंग काय. सारी जिंदगी चीक केला अन् मापच भुलली." वाट्या रिकाम्याच परत गेल्या. तो चीक शेवटी शेजारच्या म्हशीने प्यायला.

आतल्या खोलीत हे सर्व ऐकू गेले होते. मी गेलो तेव्हा बाईने तोंड भिंतीकडे केले होते. मी विचारले, बाई, मीठ कमी-जास्त झाले असेल का. ती म्हणाली, "मले इचारू नको." गव्हाविषयी विचारले. "मले इचारू नको म्हटलं न. माह्या डोक्यात राहिलं नाई. उद्याचं त्याईले सांग, समोरचीले." त्या दिवशी ती जेवली, पाणी प्यायली, पण काहीही विचारले तरी एकच उत्तर : पोरीला विचारा. भाचीने तिला लग्नाच्या लुगड्याचा रंग विचारला, त्यावरही ती म्हणाली, "मले काय समजते आता." जी बाई उंबरठ्यावरून भांडे पाहून पाणी सांगत असे, तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास एका सकाळीत उडाला होता, आणि तो उडवायला माझा कागद कारणीभूत होता, हे मला अजून कळले नव्हते. माझा कागद बरोबर आहे अशीच माझी खात्री होती. मी तो सात-आठ वेळा वाचला. एक मात्राही चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्वांना उठायला उशीर झाला, कारण उठण्यात कोणाला उमेद नव्हती. समोरच्या काकूंना बोलावणे धाडायचे ठरले होते. मी म्हटले, निदान चीक हलवून ठेवू. सूर्य चांगला वर आला होता. मी दुसऱ्या गंगाळावरचे फडके काढले.

आणि मी गंगाळापाशी गुडघे टेकून आत पाहू लागलो.

आदल्या दिवशी अंधार होता. आज उजेडात मला गंगाळाच्या आत दोन वेगवेगळ्या वस्तू दिसल्या. वर पिवळसर, पारदर्शक पाणी, ज्यात माझे तोंड दिसत होते. त्याच्या खाली, रेघ मारल्यासारखा वेगळा, पांढरा घट्ट थर. मी पिशवीतून फूटपट्टी काढून धुतली आणि सरळ बुडविली. ओली खूण आणि पांढरी खूण पाहिली. तीन भाग चीक, चार भाग पाणी.

मी भाचीला हाक मारली. "पोरी, काल आपण हे सगळे हलवले का? वरचे पाणीसुद्धा?"

"हो न. तुमच्या कागदात होतं हलवायचं."

मी कागदाच्या मागे हिशेब मांडला. काल आपण सात भाग मोजले आणि त्यांना चीक म्हटले. त्यात खरा चीक तीनच भाग. चार भाग आधीच पाणी. त्यावर समभाग म्हणून आणखी सात भाग पाणी. तीन भागांना अकरा भाग! ज्याला एकास एक हवे होते त्याला आपण जवळजवळ एकास चार पाजले होते. पत्नीने नव्या तांदळाविषयी जे सांगितले होते ते मला आता, पांढुर्ण्याच्या अंगणात, गुडघ्यावर बसल्या बसल्या समजले : किती पाणी घालायचे हे ठरविण्यापूर्वी त्या वस्तूत पाणी किती आहे ते पाहावे लागते. मी आठवीत दोनदा बसलो, तेव्हा हे कोणी मला सांगितले नव्हते.

मी फूटपट्टी तशीच ठिबकत आत गेलो.

"बाई, एकच प्रश्न."

"मले इचारू नको."

"चिकाच्या वर जे पिवळे पाणी येते, त्याचे काय करतात?"

ती भिंतीकडेच पाहत म्हणाली, "निवळीचं? काय करायचं तिचं. फेकायची."

"कधी?"

"कधी म्हंजे? उठल्या उठल्या. हलवायच्या आधी." आता तिने मान वळविली. "काल नाई फेकली?"

मी फूटपट्टीवरची पांढरी खूण तिला दाखविली.

"निवळीसकट मोजला चीक?" बाईने माझ्याकडे, माझ्या हातातल्या फूटपट्टीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलू लागली आणि मला क्षणभर वाटले की ती रडते आहे. ती हसत होती. "मुडद्या, एवढ्या लोकाईचे अर्ज लिहिते तू?"

"तू सांगितले नाहीस, बाई."

"अन् त्वा इचारलं? आता चूल पेटवाले लाकूड लागते, थेही सांगू का अंगठा लावून?"

भाची दारात उभी होती. तिला मी विचारले की तुला तरी ठाऊक कसे नव्हते. ती म्हणाली की आई नेहमी सर्वांच्या आधी उठायची. भाची उठेपर्यंत गंगाळात फक्त पांढरा चीकच असायचा. तिने निवळी कधी पाहिलीच नव्हती. वीस वर्षे दर चैत्रात हे काम करणाऱ्या बाईने एक गोष्ट इतक्या पहाटे आणि इतक्या न बोलता केली की तिच्या पोटच्या मुलीलाही ती आहे हे कळले नाही, आणि स्वतः बाईलाही ते काम सांगण्यासारखे वाटले नाही. मी जबानी घेतली, परंतु जी गोष्ट बोलली जात नाही ती विचारून काढणे हे जबानी घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, हे मी विसरलो.

"खाट बाहेर घ्या," बाई म्हणाली.

भाऊजींनी आणि मी खाट अंगणात आणली. भाचीने गंगाळ अलगद तिरपे केले. निवळी नालीत गेली, आणि खाली जो राहिला तो पाहून मी बोट लावल्याशिवाय राहिलो नाही, खरोखर दगडासारखा. चाटूने मोकळा केला. मोजला. दोन गंजांना थोडा कमी. बाई म्हणाली, "पाणीही थोडं कमीच मोज." आधण आले. भाची ओतू लागली, मी घोटू लागलो, आणि आता चाटूच मला ओढू लागला. दंडाला रग लागली. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक येऊ लागली. माझे लक्ष त्या चमकेवर होते. बाईचे डोळे मिटलेले होते.

"उतरव," ती एकदम म्हणाली.

"अजून जरा," मी म्हणालो.

"आवाज बदलला. फद्‌फद् करून राहिला. उतरव, नाई त सोऱ्या मोडशीन."

मी ऐकले, आणि खरोखर आवाज बदललेला होता. ओले बोट लावून पाहिले. बोटाला चिकटला नाही. भांडे उतरविले. पहिली कुरडई कपड्यावर पडली, तिचे तार वेगवेगळे, एकावर एक, आणि ती पसरली नाही. भाचीने दुसरी पाडली, तिसरी पाडली. मला इतका हर्ष झाला की मी भाऊजींना मिठी मारली, जे आमच्या नात्यात सहसा होत नाही.

समोरच्या काकू वाटी घेऊन आल्या. तेल घालून चीक खाल्ला, दुसरी वाटीही घेतली. म्हणाल्या, "पोरीच्या हाताले चव आहे बाप्पा."

मी ताबडतोब त्यांच्यापुढे उभा राहिलो. म्हणालो की कालची चूक बाईची नव्हती, माझ्या लेखनाची होती. निवळीचा मुद्दा माझ्याकडून सुटला. माप तेच आहे, तिने सांगितलेलेच, आणि आज तिनेच आवाजावरून उतरवायला सांगितले.

काकू हसल्या. "राहू द्या भाऊ. बहिणीसाठी बोलनंच माणूस. अन् तुमचा त धंदाच होय. ज्याच्याकडून बसले त्याच्याकडून लिहिता."

दोन्ही पक्षांचे अर्ज मी एकाच शाईने लिहिले आहेत हे खोटे नाही. आदल्या दिवशी कागद उंचावून मी जे चुकीचे सांगितले ते सर्वांनी मानले. आज कागदाशिवाय खरे सांगितले ते कोणीही मानले नाही.

लग्न झाले. कुरडया गेल्या, सासरी त्यांची वाखाणणी झाली. परंतु गल्लीत जे एकदा बोलले गेले ते तसेच राहिले. लग्नाच्या भाताचे पाणी बायांनी आपसात ठरविले. चुलीपासून खाट आठ हातांवर असूनही कोणी बाईकडे वळून पाहिले नाही. त्यानंतर दोन चैत्र गेले. तिच्या दारात "पाणी किती धरू" असे विचारायला कोणीही आलेले नाही. येतात, बसतात, तब्येत विचारतात, मोठ्याने आणि सावकाश बोलतात, जसे लहान मुलांशी बोलावे तसे. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा समोरच्या घरी चीक शिजत होता. बाई खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "जास्त शिजवून राहिली. सांगू का तिले?" मी म्हटले, सांग. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "राहू दे. म्हनन, डोकं फिरलं."

म्हणून हा अर्ज. तो लिहिण्यासाठी मला कोणीही नेमलेले नाही, आणि यात मी ज्याच्याविरुद्ध लिहीत आहे तो मी स्वतः आहे. तरी हा अर्ज एकाच पक्षाचा मानू नये.

सबब, गल्लीतील समस्त बायांना विनंती की, वरील हकीकत लक्षात घेऊन, चैत्रातील त्या सकाळी माझ्या बहिणीच्या डोक्याविषयी जे म्हटले गेले ते रद्द समजण्यात यावे, आणि त्या सकाळचा दोष जबानी लिहिणाऱ्याच्या नावे लावण्यात यावा. या म्हणण्यावर विश्वास बसत नसेल तर खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. पुढच्या खेपेस चीक, भात, खीर, काहीही असो, आधणापूर्वी एकीने तिच्या खाटेपाशी जावे, भांडे दाखवावे, आणि पाणी किती धरू असे नेहमीच्या आवाजात विचारावे. ती जे सांगेल तेवढेच पाणी घालावे. मग जे शिजेल त्याची एक वाटी तिला नेऊन द्यावी आणि कसे झाले ते तिच्या तोंडावर सांगावे. उत्तर मला नको, तिला द्यावे. समोरच्या काकूंनी ते सर्वांत आधी द्यावे, अशी नम्र विनंती आहे.

अर्जदार,
स्वहस्ते